पेटी कानाने घ्यावी

हौशी पेटीवादक आपली पहिली पेटी बहुधा डोळ्यांनी विकत घेतो. दुकानात मांडलेल्या दहापाच वाद्यांपैकी जिच्या लाकडावरची झिलई अधिक चकाकते, जिच्या दर्शनी फळीवर स्टॉपरांची रांग अधिक लांब दिसते आणि जिच्या जाळीवरचे नक्षीकाम अधिक दाट आहे, ती त्याच्या नजरेत भरते. विक्रेता, जो स्वतः पुष्कळदा चांगला वाजविणारा असतो, तिच्यावर एखादे नाट्यपद सफाईने वाजवून दाखवितो, आणि त्या सफाईचे श्रेय वाद्याला देऊन गिऱ्हाईक बयाणा मोजून मोकळे होते. पुढे घरी तंबोऱ्याबरोबर बसण्याची वेळ आली, म्हणजे मध्य सप्तकातला एखादा स्वर उतरलेला आहे, भाता घटकेघटकेला हवा मागतो आहे आणि त्या लांबलचक रांगेतले काही स्टॉपर तर केवळ शोभेचे आहेत, हे एकेक करून ध्यानात येऊ लागते. पेटी घेणे, ती वाजविणे आणि वाजविलेले ध्वनिमुद्रित करणे ही तिन्ही कामे मूलतः ऐकण्याची आहेत व पैसा खर्च करण्याची पाळी त्यानंतर येते, असे माझे मत असून पुढील सूचना त्या मतास धरून आहेत. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी तासभर रियाज करणारे, भजनी मंडळात साथीला बसणारे, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करणारे आणि सेवानिवृत्तीनंतर राहून गेलेली हौस पुरी करू पाहणारे वाचक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मैफलीच्या कलावंतांना यातले काहीच नवे वाटणार नाही.

दुकानात गेल्यावर प्रथम एकही पट्टी दाबू नये. सर्व स्टॉपर उघडावेत, भात्याचे चार-सहा हलके हात मारावेत आणि आतला भाता भरला म्हणजे हात थांबवून स्वस्थ बसावे. वाद्य धड असेल, तर हवा आत टिकून राहते व बाहेरचा भाता पुन्हा लोटू गेल्यास हाताला स्पष्ट विरोध जाणवतो. पट्ट्यांखालचे चामडे नीट बसलेले नसेल, किंवा सुरांच्या फळीला कोठे फट असेल, तर भरलेली हवा मुकाट्याने निघून जाते, आणि कान जाळीजवळ नेल्यास तिचा बारीक फुसफुसाटही ऐकू येतो. ही परीक्षा विक्रेत्यास फारशी आवडत नाही. तथापि पैसे आपले जावयाचे असल्यामुळे त्याच्या नाराजीची फिकीर करण्याचे कारण नाही. भात्याचा निकाल लागल्यावर मगच पट्ट्यांकडे वळावे, आणि तेही धून वाजविण्यासाठी नव्हे. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या क्रमाने, अगदी मंद हवेवर, एकेक करून दाबाव्यात. जोरकस भात्यावर कोणताही सूर बोलतो. मंद हवेवर जो सूर उशिरा बोलतो, घोगरा बोलतो किंवा बोलण्यापूर्वी सुस्कारा टाकतो, तो पुढे विलंबित गाण्याच्या साथीत हटकून दगा देतो. दाबलेली पट्टी सोडताच वर येते की रेंगाळते, तिचा लाकडी खडखडाट किती आहे आणि शेजारच्या पट्टीला ती घासते की काय, हेही याच फेरीत कळून येते.

तिसरी परीक्षा सुरांच्या मेळाची. आपल्याकडील सामान्य पेटीत सुरांचे दोन संच असतात, एक खर्जाचा व दुसरा नर सुरांचा, आणि तिहेरी पेटीत मादी सुरांचा आणखी एक. स्टॉपरांच्या साहाय्याने प्रथम एकच संच उघडून एक स्वर धरावा, मग दुसरा संच उघडावा. दोन्ही मिळालेले असतील, तर आवाज केवळ भरदार होतो. मिळालेले नसतील, तर त्यात एक लहर उठते, आणि ती जितकी जलद तितकी तफावत मोठी. काही कारागीर ही लहर थोडी मुद्दाम ठेवतात, कारण दुकानात ऐकणाऱ्याला ती गोड लागते. तंबोऱ्याशेजारी मात्र ती असह्य होते, म्हणून अशी पेटी घेऊ नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. नंतर षड्ज व तार षड्ज, षड्ज व पंचम अशा जोड्या एकत्र धरून पाहाव्यात. एवढे झाले म्हणजे वाद्याची खरी कैफियत आपल्यापुढे येते. त्यानंतर खुशाल धून वाजवावी आणि लाकडाचा रंगही पाहावा.

सूर कोठले, या प्रश्नाला दुकानदारांच्या जगात अवास्तव महत्त्व आलेले आहे. गुजरातेतील पालिताणा हे गाव पेटीच्या पितळी सुरांसाठी सर्वश्रुत असून तेथील मालावर आज पुष्कळ चांगल्या पेट्या उभ्या आहेत. जुन्या जर्मन सुरांची ख्यातीही खोटी नव्हे. परंतु जर्मन सूर म्हणून जे जे विकले जाते ते सर्व जर्मनीतून आलेले असते, असे समजणारा ग्राहक भाबडा म्हटला पाहिजे. शिक्क्यावर विसंबण्यापेक्षा वर सांगितलेली मंद हवेची परीक्षा अधिक विश्वासार्ह आहे. संचांच्या संख्येबद्दल म्हणाल, तर दुहेरी पेटी हौशी माणसाला पुरेशी होते. तिहेरी पेटी भारी, महाग आणि हवेच्या बाबतीत उधळी असते. ३९ पट्ट्यांची सव्वातीन सप्तकांची पेटी की ४२ पट्ट्यांची साडेतीन सप्तकांची, हा निर्णय मात्र आपण कोणत्या पट्टीत वाजविणार यावर करावा. पुरुषांचा आवाज सामान्यतः काळी एक ते पांढरी दोन यांच्या आसपास आणि स्त्रियांचा काळी चार-काळी पाचच्या सुमारास लागतो. भजनी मंडळांचा शिरस्ता उंच पट्टीचा. उंच षड्ज धरून तार सप्तकात रेंगाळणाऱ्या गाण्याची साथ करावयाची असेल, तर वरच्या तीन जादा पट्ट्या उपयोगी पडतात.

स्केल चेंजर नावाच्या सोयीचा मोह नवशिक्याला फार असतो. या रचनेत पट्ट्यांचा सबंध ताफा सुरांवरून सरकविता येतो, आणि त्यामुळे बोटे त्याच ओळखीच्या पट्ट्यांवर ठेवून निरनिराळ्या पट्टीच्या गायकांना साथ देता येते. ज्याला आठवड्यातून चार निरनिराळ्या गळ्यांबरोबर बसावे लागते, त्याने ती जरूर घ्यावी. इतरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: एक, हलणारे भाग वाढले की हवा निसटण्याच्या जागा वाढतात, वजन वाढते आणि दुरुस्तीही वाढते, दुसरी, ज्याने आरंभापासून बोटांची सोय यंत्राकडे सोपविली, त्याला कोणत्याही पट्टीत षड्ज मानून वाजविण्याची सवय कधीच लागत नाही. अशी पेटी घ्यावयाचीच झाली, तर ती प्रत्येक खाचेत सरकवून पट्ट्या-पट्ट्यांची फेरी पुनश्च करावी, कारण एका खाचेत निर्दोष असलेले वाद्य दुसऱ्या खाचेत हवा गळताना अनेकदा आढळते. कपलरची, म्हणजे एका पट्टीबरोबर सप्तकाच्या अंतरावरची जोडीदार पट्टी आपोआप दाबणाऱ्या रचनेची, हौशी माणसाला मुळीच गरज नाही.

जुनी पेटी मिळाली तर ती अवश्य पाहावी. तिचे लाकूड मुरलेले असते. भात्याचे कापड, चामडे व कमानी बदलता येतात. गंजलेले किंवा चिरलेले सूर मात्र पाहिले, तर भाव कितीही उतरविला तरी परत फिरावे.

आता स्वरमेलनाचा विषय. पेटीवरील सर्वांत जुना आक्षेप याच ठिकाणचा आहे आणि तो समजून घेतल्यावाचून पेटी चांगली वाजविता येत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केलेले हे वाद्य युरोपात पायांनी भाता चालवून वाजविले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने त्याला मांडी घालून वाजविण्याजोगे हातभात्याचे रूप दिले, आणि ते पाहता पाहता सबंध देशभर पसरले. रूप बदलले, परंतु स्वरांची वाटणी युरोपीयच राहिली. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर पेटीच्या बारा पट्ट्या त्यांचे प्रत्येकी १०० सेंटांचे समान भाग करतात. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा शुद्ध गांधार ४०० वर. चौदा सेंटांची ही चढ सरावलेल्या कानाला लगेच टोचते. पंचमात तफावत अवघी दोन सेंटांची असल्यामुळे तो गोड लागतो; धैवत व निषाद पुन्हा चढे. भारतीय श्रुतिव्यवस्थेशी न जुळणारी ही वाटणी आणि मींड काढण्याची असमर्थता, या दोन प्रमुख कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली, आणि ती थेट १९७१ पर्यंत उठली नव्हती. ज्या महाराष्ट्रात ‘मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणूनच थोर मानले गेले, त्या महाराष्ट्राला हा हुकूम अन्यायाचा वाटणे साहजिक होते. तरीही आक्षेपाचा गणिती भाग खोटा नव्हता, हे पेटीप्रेमींनी मोकळ्या मनाने कबूल करावे.

यावर उपाय दोन प्रकारचे. पहिला कारागिराचा: आपण नेहमी एकाच पट्टीत वाजवीत असाल, तर त्या षड्जाला धरून गांधार, धैवत, निषाद तंबोऱ्यास जुळतील असे लावून घेता येतात. जाणकार कारागीर हे काम आनंदाने करतो. परंतु अशी पेटी मग इतर पट्ट्यांत बेसूर होते, आणि स्केल चेंजरच्या पेटीत तर हा खटाटोप निरर्थकच, कारण पट्ट्या सरकल्या की षड्ज दुसऱ्याच सुरावर जातो. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून या प्रश्नाचा मुळातूनच विचार केला आहे. जिज्ञासूंनी ती एकदा अवश्य ऐकावी. दुसरा उपाय वादकाचा असून तो फुकट आहे: तंबोरा चालू असताना गांधारावर, धैवतावर मुक्काम करू नये. ते स्वर लागावेत, पण षड्ज-पंचमाच्या आश्रयाने, ओझरते. भूप वाजविताना गांधार दाबून धरणारा आणि गांधारास स्पर्श करून षड्जावर उतरणारा, अशा दोघांना एकाच पेटीवर ऐकले, तर दुसऱ्याची पेटी अधिक सुरेल असल्याचा भास होतो.

वाजविण्याच्या बाबतीत नवशिक्याचे सगळे लक्ष उजव्या हाताकडे असते, आणि त्याचे बहुतेक दोष डाव्या हातात असतात. भाता हा पेटीचा श्वास असल्यामुळे तो लयीच्या ठोक्यावर हिसके देऊन चालविला, तर प्रत्येक ठोक्याला स्वर फुगतो आणि मागोमाग खचतो; शिवाय जादा हवेच्या दाबाने खर्जाचे सूर किंचित उतरतात, हे निराळेच. भाता पूर्ण उघडू नये, पूर्ण मिटू नये, आणि त्याची हालचाल तालाशी बांधू नये. रियाजाच्या आरंभी एकच षड्ज धरून, त्याचा आवाज तिळभरही कमीजास्त होऊ न देता, भात्याचे अनेक फेरे करीत राहणे ही साधना कंटाळवाणी खरी. तथापि शंभर अलंकार पाठ करण्यापेक्षा तिचा गुण लवकर येतो. दुसरी साधना बोटे बदलण्याची: एकच पट्टी दाबून ठेवून तिच्यावरचे बोट स्वर न तुटता बदलावे. त्यामुळे स्वरांची साखळी अखंड राहते आणि मींड निघत नसली तरी तिची सूचना देता येते. अंगठा काळ्या पट्ट्यांवर शक्यतो नेऊ नये. कणस्वर घेताना आधीची पट्टी पुरती दाबू नये, नुसती चाटून जावी.

साथ ही वेगळी विद्या आहे. गायकाच्या मागोमाग, त्याने घेतलेली जागा त्याच्या हातून निसटू न देता, परंतु त्याच्या आधी कधीही न पोहोचता जाणे हे तिचे मर्म. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर या तिघांच्या साथीची मुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकताना एक दिवस गायकाकडे संपूर्ण दुर्लक्ष करून केवळ पेटी कोठे थांबली, एवढेच टिपावे. गायक श्वास घेतो त्या रिकाम्या जागेत आपली हुशारी भरण्याची घाई हौशी साथीदाराला फार होते. या बुजुर्गांनी त्या जागेत किती थोडे वाजविले आहे, हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल.

रियाजासाठी तंबोरा हवाच. मिरजेचा तंबोरा, तेथल्या शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेला, घरात असेल तर ते भाग्य समजावे. नसेल तर विद्युत तंबोरा किंवा फोनवरील तंबोऱ्याचे ॲप चालेल. फक्त तो फोनच्या लहानशा कर्ण्यातून ऐकू नये. त्यातून खर्ज निघत नाही, उरतो तो केवळ वरचा झणत्कार, आणि त्यावर कान तयार होत नाहीत. बरा स्पीकर जोडावा व तो पाठीमागे, थोडा दूर ठेवावा. ॲपमध्ये पट्टी लावताना आपली पेटी ४४० कंपनांच्या प्रमाणावर आहे की नाही, हे पाहून घ्यावे: पांढरी सहाला सेकंदाला ४४० कंपने, हे प्रमाण १९३९ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले, परंतु आपल्या जुन्या पेट्यांना त्याची वर्दी मिळालेली असतेच असे नाही. तफावत असेल, तर तंबोऱ्याचा सूर पेटीकडे सरकवावा.

ध्वनिमुद्रणाकडे वळताना एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. १९०२ साली कलकत्त्यास गायिका गौहरजानच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा मुद्रणाच्या कामी विद्युत मायक्रोफोन वापरीत नसत; तो त्या कामी १९२५ च्या सुमारास आला. तोपर्यंत आवाज कमीजास्त करण्याचे एकही बटण मुद्रकाजवळ नसे. गायक कर्ण्याच्या तोंडाशी, साथीदार मागे, आणि मोठ्या आवाजाचे वाद्य त्याहून मागे, असे माणसांना हलवूनच तो समतोल साधीत असे. हौशी मुद्रकाने हीच पद्धत आजही अंगीकारावी. सामग्रीच्या याद्या वाचण्यात जितका वेळ जातो, त्याच्या चतुर्थांश वेळात फोन चार ठिकाणी ठेवून पाहता येतो, आणि लाभ अधिक होतो.

प्रथम खोली. समोरासमोरच्या उघड्या भिंती, फरशी आणि काचेच्या खिडक्या असलेली बैठकीची खोली दिसायला प्रशस्त, पण मुद्रणाला वाईट. तीत पेटीचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि तान पुसट होते. कपड्यांचे कपाट, गादी, पुस्तके यांनी भरलेली निजण्याची खोली याहून कितीतरी बरी. पाठीमागच्या भिंतीवर जाड रजई किंवा गोधडी टांगावी, खाली सतरंजी पसरावी. पंखा बंद करावा, शीतकपाटही तेवढ्यापुरते बंद ठेवावे. त्याची घरघर आपल्या कानाला सवयीने ऐकू येत नाही, यंत्राला येते. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवर आपला अधिकार चालत नाही. सबब मुद्रणासाठी दुपारी दोन ते चार किंवा रात्री उशिराची वेळ मुक्रर करावी. कोकणातल्या पत्र्याच्या घरात पावसाळ्यात मुद्रणाचा नादच सोडावा.

मग अंतर. फोन पेटीच्या झाकणावर ठेवण्याचा प्रघात सर्वत्र आहे आणि तो सर्वथा त्याज्य आहे, कारण लाकडाचे कंपन, पट्ट्यांचा खडखडाट आणि भात्याचे धापणे हे सारे त्यातून थेट आत शिरते. पेटीसमोर, दीड ते दोन फुटांवर, पट्ट्यांच्या पातळीपेक्षा हातभर उंच आणि पट्ट्यांकडे रोखलेला असा फोन किंवा मायक्रोफोन ठेवावा. त्याचे तोंड भात्याकडे होऊ देऊ नये. तो स्वतंत्र स्टँडवर असावा. पेटी ज्या फळीवर आहे त्याच फळीवर नको. स्वतःच गाऊन वाजविणाऱ्याला एकच मायक्रोफोन असेल, तर तो वर सरकविला की गळा पुढे येतो, खाली उतरविला की पेटी. चार बोटांच्या फरकानेही चित्र पालटते. तबला असेल तर तबलजीला चार-पाच फूट बाजूला बसवावे, आणि डग्गा जड वाटला तर मायक्रोफोन न हलविता तबलजीलाच आणखी मागे सरकण्याची विनंती करावी. दोन मायक्रोफोन वापरावयाचे असतील, तर प्रत्येकाचे आपापल्या वाद्यापासून जेवढे अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर त्या दोहोंमध्ये असावे. नाहीतर एकच आवाज दोन्हींत थोड्या फरकाने पोहोचून पोकळ होतो.

फोनच्या बाबतीत एक खबरदारी. पुष्कळ फोन आवाजाची पातळी आपल्या मर्जीने बदलतात: गायक थांबला की तंबोरा फुगवितात, तान आली की सर्व काही दाबतात. मुद्रणाच्या ज्या ॲपमध्ये ही स्वयंचलित सोय बंद करता येते, तेच निवडावे, आणि फाइल आवाज न दाबणाऱ्या वेव्ह प्रकारात ठेवावी. पातळी अशी असावी की सर्वांत जोराच्या जागेलाही काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलांच्या दरम्यान राहील. हळू मुद्रित झालेले मागाहून वाढविता येते. फाटलेला आवाज कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. २४ बिटांची सोय असेल तर ती वापरावी. नमुन्यांची संख्या सेकंदाला ४४,१०० असो वा ४८,०००, पेटीच्या कामाला दोन्ही सारखीच.

इतके केल्यावरही समाधान न झाल्यास खरेदीचा विचार करावा, आणि तो पुढील क्रमाने. प्रथम तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. बिनतारी हेडफोनात आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे ठेक्याबरोबर वाजविताना लय लटपटते. त्यानंतर मायक्रोफोन. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन सूक्ष्म टिपतो, म्हणून विक्रेते तोच पुढे करतात. परंतु तो रस्त्यावरची रिक्षाही तितक्याच सूक्ष्मतेने टिपतो, आणि त्याला चालविण्यास ४८ व्होल्टांचा पुरवठा देणारा इंटरफेसही लागतो. शांत खोली नसलेल्या गृहस्थाने डायनॅमिक जातीचा घ्यावा. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ पासून जवळजवळ न बदलता विकला जाणारा मायक्रोफोन त्याचा ठळक दाखला; त्याला वीज लागत नाही, तो जवळचेच ऐकतो आणि हातून पडला तरी सहसा बिघडत नाही. नकली मालाचा सुळसुळाट असल्यामुळे तो पावतीसह, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. दोन इनपुटांचा साधा इंटरफेस हौशी माणसाला आयुष्यभर पुरतो. जुळवाजुळवीसाठी ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. तिच्यातील घुमारा देणाऱ्या सोयीला मात्र हात लावताना आवर घालावा. पेटीला देवळाचा घुमारा दिला की सगळ्याच चुका झाकल्या जातात, हे खरे. पण मुद्रण करण्याचा हेतू त्या चुका ऐकणे हा असेल, तर झाकणे कशासाठी?

प्रत्येक फाइलीस दिनांक, राग, पट्टी, ताल आणि मायक्रोफोनचे अंतर अशी नोंद करून ठेवावी. हे दप्तर ठेवण्याचा आळस केला, तर वर्षअखेर फोनमध्ये एकसारख्या नावांच्या असंख्य फाइली उरतात आणि त्यांतली कोणती बरी साधली होती, हे सांगणारे कोणी राहत नाही. एक प्रत फोनबाहेर, संगणकावर वा निराळ्या डिस्कवर असावी.

निगेबद्दल थोडक्यात. वाजवून झाल्यावर भात्यातली हवा काढून तो अडकवून ठेवावा, स्टॉपर बंद करावेत आणि पेटी उंचावर ठेवावी; उंदराला भात्याच्या घड्यांत घर करणे फार आवडते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडखळतात, त्या वेळी रंधा मारण्याची घाई करू नये. आश्विन-कार्तिकात त्या बहुधा आपोआप सुटतात. परदेशी असलेल्या मराठी मंडळींची अडचण याच्या उलट: हिवाळ्यात घरे तापविल्यामुळे हवा कोरडी होऊन लाकूड आकसते व चिरते, म्हणून पेटी गरम हवेच्या झरोक्यापासून दूर असावी. एखादा सूर अचानक मुका झाला, तर बहुधा त्याच्या जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच फिरविली की तो निघतो. सूर चढा-उतरा झाला असेल, तर कानस हाती घेऊ नये. जिभेचे टोक घासले की सूर चढतो व मूळ घासले की उतरतो, एवढे तत्त्व सोपे आहे. पण घासलेले पितळ परत येत नाही. ते काम कारागिराचे, आणि त्याला वर्षा-दोन वर्षांतून एकदा बोलवावेच.

एवढी तजवीज झाल्यावर वाचकांना एकच विनंती आहे. पहिले बरे मुद्रण हाती आले, की ते नातेवाइकांच्या समूहात धाडण्यापूर्वी आपल्या शिक्षकांना ऐकवावे. नातेवाईक वाहवा करतील, शिक्षक कोठे भाता तुटला ते सांगतील. त्यांनी पुन्हा करा म्हटले, तर पेटी पुन्हा उघडावी आणि पंखा पुन्हा बंद करावा.